कंत्राटावर आहात? मग चारला निघायची सोय करारातच करून ठेवा

हिंजवडीतून चारला निघालं तर कोथरूड गाठेपर्यंत उजेड असतो. सहाला निघालं की भूमकर चौकात गाडी नुसती घरघरत उभी. मी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते, तीही कंत्राटावर. नोकरीवाल्या मैत्रिणी म्हणतात, "तुझं काय बाई, कधीही ऊठ आणि जा." मॅनेजर म्हणतो, "इथे सगळे सहापर्यंत थांबतात." दोघांचंही अर्धंच खरं आहे.

आधी पीओ, म्हणजे कंपनीने तुम्हाला दिलेली पर्चेस ऑर्डर, उघडा आणि पैसे कशाचे मिळणार ते बघा. तासावर असाल तर लवकर निघालात की तेवढे तास बिलातून गेले, विषय संपला. पूर्ण कामाची एक रक्कम ठरली असेल तर तारीख पाळा, घड्याळ तुमचं. खरी भानगड दिवसाच्या दराची. 'प्रतिदिन ६,००० रुपये' एवढंच लिहिलेलं असतं, पण दिवस म्हणजे किती तास हे कुठेच नसतं. मग कंपनी जेवणासकट नऊ तास धरते, तुम्ही जेवण वगळून आठ, आणि महिनाअखेरीस अकाउंट्सच्या माणसाशी हुज्जत. सही करण्यापूर्वी एवढं घालून घ्या: 'एक दिवस म्हणजे जेवणाची सुट्टी वगळून ८ तास काम. कमी तास भरल्यास बिल त्या प्रमाणात.' म्हणजे तासाला ७५० पडले. अडीच तास आधी निघालात तर १,८७५ कमी लावायचे. 'चार तासांच्या वर पूर्ण दिवस' असली उदार वाटणारी अट मी घेत नाही. तिच्या जोरावर समोरचा दहा तास बसवून घेतो आणि तेही एकाच दिवसाच्या पैशात.

क्लायंट लंडनचा असेल तर मीटिंगची वेळ दोन ओळींत लिहून घ्या, उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दोन, हिवाळ्यात तीन. तासाभराची मीटिंग तीनला सुरू झाली की चारला निघणं गेलंच, कारण "जस्ट वन मोअर थिंग" ठरलेलं. म्हणून हिवाळ्यासाठी त्यांचे नऊ मागा, म्हणजे आपले अडीच. बहुतेक वेळा कुरकुर न करता देतात.

आता रोजचं. लवकर जायचं असेल तर परवानगी मागू नका, कळवा. आणि सकाळीच कळवा, पावणेचारला बॅग खांद्यावर टाकून नव्हे. माझा मेसेज असा असतो: 'आज ४ वाजता निघतेय. तिसरं प्रकरण ३ पर्यंत शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवते. उद्या साडेनऊला आहे.' यात कारण नाही, हे बघा. सासूबाईंचे डोळे, मुलाचं गॅदरिंग हे चहाच्या टपरीवर सांगा, मेलमध्ये नको. कारण दिलं की पुढच्या वेळी ते पुरेसं आहे का, याची तपासणी सुरू होते.

टाइमशीट मात्र त्याच संध्याकाळी भरा, आणि खरी भरा. साडेपाच तास झाले तर साडेपाचच. गेटवर कार्ड स्वाइप झालेलं असतं. आठ तास लिहून ठेवलेत आणि कुणी ताडून पाहिलं तर करार गेला समजा.

एक गैरसमज सगळीकडे ऐकते: वेळेचं बंधन नाही म्हणजे आपण कर्मचारी नाहीच. कायदा इतका सरळ नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात शिंप्यांना नगावर पैसे मिळत, ठरलेल्या वेळेची सक्ती नव्हती, गैरहजेरीचा अर्ज लागत नसे. तरी १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दुकानाचे कर्मचारीच धरलं, कारण शिलाई यंत्रं दुकानाची होती आणि काम पसंत नसेल तर परत करायचा हक्क मालकाचा. तेव्हा कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं कार्ड, रजेला मॅनेजरची मंजुरी आणि नऊ ते सहाची सक्ती असं सगळंच असेल, तर एकदा वकिलाला करार दाखवा. तोवर दर वाढवून मागा. वेळ नोकरीची द्यायची आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा काहीच नाही, हा सौदा जुन्या दरात परवडत नाही.

सॉफ्टवेअर बाजारात जाण्याच्या, म्हणजे रिलीजच्या आठवड्यात मी थांबते, रात्री आठपर्यंतसुद्धा. वरचे तास बिलात लावते आणि तसं आधी मेलवर कबूल करून घेते.

नवीन जागी रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात एकदा चारला निघा, बाहेर काही काम नसलं तरी. तीन महिने सातपर्यंत बसून मग चारला निघालात तर लोकांना वाटतं, हिचं दुसरीकडे कुठेतरी जमतंय.