लाखाचा स्वल्पविराम कुणी हलवला?

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या ४.१ आवृत्तीत बिलावर १,००,००० छापून यायचं. ४.२ गेली आणि दुसऱ्या दिवशी फोन: "मॅडम, हे १००,००० काय आहे? शेठ विचारतायत." दोन आवृत्त्यांमध्ये १४३ कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल. ते वाचत बसायचे नाहीत, या नोंदी ठेवणाऱ्या गिटला कामाला लावायचं: त्याची 'बायसेक्ट' कमांड दोष आणणारं कमिट शोधून देते.

हातातलं काम कमिट किंवा स्टॅश करा (म्हणजे तात्पुरतं बाजूला ठेवा). मग 'गिट बायसेक्ट स्टार्ट', 'गिट बायसेक्ट बॅड व्ही४.२', 'गिट बायसेक्ट गुड व्ही४.१'. रिलीजला टॅग, म्हणजे व्ही४.२ सारखी नावाची खूण, लावायची सवय नसेल तर इथेच अडाल. गिट मधलं कमिट काढून देतं; बिल्ड करा (त्या कोडमधून प्रोग्राम तयार करा), बिल छापा, गुड की बॅड ते सांगा. दर फेरीला उरलेले निम्मे बाद. १४३ कमिटांना सात-आठ फेऱ्या पुरतात.

पण 'गुड' म्हणण्याआधी जुनी आवृत्ती स्वतः चालवून बघा. मी एकदा आठवणीवर विसंबले. दोष आधीपासूनच होता, त्यामुळे प्रत्येक फेरी बॅड आणि शेवटी बोट टॅगला लागून असलेल्या पहिल्याच कमिटकडे! त्यात फक्त रीडमी या माहितीच्या फाइलमधलं शुद्धलेखन सुधारलं होतं. तेव्हापासून उत्तर म्हणून पहिलंच कमिट आलं की मी आधी टॅग तपासते.

फेऱ्यांचा कंटाळा आला तर तपासणीची स्क्रिप्ट लिहून 'गिट बायसेक्ट रन'ला द्या. ती रेपोच्या, म्हणजे गिट सांभाळतं त्या कोडच्या फोल्डरच्या, बाहेर ठेवा, नाहीतर जुन्या कमिटवर गेल्यावर गायब होईल किंवा बदलेल. स्क्रिप्टने संपताना शून्य परत केलं की गुड, एक की बॅड. बिल्डच मोडलं तर १२५ परत करा, म्हणजे गिट ते कमिट वगळेल. हे विसरलात तर न चाललेलं बिल्डही बॅड धरलं जातं. आणि दर फेरीला डेटाबेसची ताजी प्रत घ्या. नव्या कोडने टेबलं बदलली की जुना कोड त्यावर भलत्याच कारणाने कोसळतो. माझी एक अख्खी दुपार यात गेलीय.

आमचा गुन्हेगार निघाला 'किरकोळ साफसफाई' नावाचा कमिट. आकडे छापणाऱ्या फंक्शनमधून भारतीय लोकेल (आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहायचे ती सेटिंग) उडाला होता, सर्व्हर आपला अमेरिकन पद्धतीने छापत होता.

आता लाखाच्या बिलाची टेस्ट कायमची घाला. ती ४.१ वर पास आणि ४.२ वर नापास होते ना, दोन्ही बघा. दुरुस्तीला हात लावण्याआधी 'गिट बायसेक्ट रीसेट' करा. बायसेक्ट चालू असताना आपण कुठल्याच ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) नसतो; मी तसंच कमिट करून ब्रँच बदलली होती. दुरुस्ती रीफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून, उकरून काढावी लागली.