पणजीत इफ्फी पाहायला जाताना

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच इफ्फी, १९५२ साली मुंबईत सुरू झाला, पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या शहरांतून फिरत राहिला आणि २००४ पासून पणजीत स्थिरावला. साधारणपणे २० ते २८ नोव्हेंबर हे त्याचे दिवस ठरलेले असतात. मुंबईहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासात तिथे पोहोचता येते, त्यामुळे मराठी रसिकांसाठी जागतिक चित्रपटाचा इतका मोठा मेळा याहून जवळ क्वचितच असेल. तरीही ‘तिथे आपल्याला कोण आत घेणार’ या शंकेने अनेक जण जात नाहीत, आणि जे जातात त्यांतले काही जण तयारीअभावी निम्मे चित्रपट हुकवून परततात. दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत.

सर्वांत आधी नोंदणी. महोत्सवातील बहुतेक चित्रपट सेन्सॉरच्या प्रमाणपत्राविना दाखवले जातात. ही सवलत केवळ नोंदणी केलेल्या प्रतिनिधींसमोरच्या (म्हणजे डेलिगेटसमोरच्या) खेळांपुरती असल्यामुळे चित्रपटगृहाच्या खिडकीवर तिकीट काढून आत शिरण्याची सोय नसते. त्यासाठी महोत्सवाच्या संकेतस्थळावर ‘सिनेरसिक’, ‘चित्रपट व्यावसायिक’ किंवा ‘विद्यार्थी’ यांपैकी योग्य प्रवर्गात नाव नोंदवावे लागते. चित्रपटसृष्टीशी काहीही संबंध नसलेल्या माणसासाठी पहिला प्रवर्ग आहेच, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. शुल्क आणि अंतिम तारीख दरवर्षी जाहीर होते. शेवटच्या आठवड्यावर मात्र हे काम ढकलू नये. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे चालू वर्षाचे ओळखपत्र हाताशी ठेवावे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने (एनएफडीसी) २००७ मध्ये सुरू केलेला फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) याच दिवसांत मिरामारजवळ भरतो, पण तो चित्रपट विकणाऱ्या, घेणाऱ्या आणि घडवणाऱ्यांसाठी आहे. त्याची नोंदणी आणि शुल्क वेगळे असते, म्हणून केवळ चित्रपट पाहायला जाणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

आता जागेविषयी, कारण इफ्फीचा खरा नकाशा डोक्यात बसला की निम्मी धावपळ संपते. महोत्सवाचे केंद्र म्हणजे मांडवीच्या काठावरचा जुन्या गोमेकॉचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचा, परिसर. पोर्तुगीज काळात १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकीय शाळा, म्हणजे आशियातील सर्वांत जुन्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांपैकी एक, इथेच नांदली. आज त्याच आवारात गोवा मनोरंजन संस्थेचे कार्यालय आहे, शेजारी माकिनेझ पॅलेसचे सभागृह आहे आणि मागच्या बाजूला २००४ च्या महोत्सवासाठी उभारलेले चार पडद्यांचे आयनॉक्स चित्रपटगृह आहे. प्रतिनिधींची ओळखपत्रे सहसा याच भागात मिळतात. तिथून नदी उजव्या हाताला ठेवून मिरामारच्या दिशेने बांदोडकर मार्गाने चालत गेले की कांपालला कला अकादमी लागते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू केवळ पाहण्यासाठीसुद्धा अर्धा तास काढण्यासारखी आहे. तिच्यातल्या मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. मंगेशीच्या त्या सुपुत्राच्या नावाच्या सभागृहात बसून लांबच्या देशाचा चित्रपट पाहताना मला दर वेळी भरून येते.

या पट्ट्याबाहेरही, विशेषतः मांडवीपलीकडे पर्वरीला, खेळ होतात. पहिल्या वर्षी मी पणजीतला दुपारचा खेळ संपल्यावर पस्तीस मिनिटांनी सुरू होणारा पर्वरीचा खेळ आरक्षित केला होता. पुलावरच्या वाहतुकीत तो पूर्ण हुकला. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: एक दिवस एका काठावरच काढायचा. पणजीत असू तर पणजीतलेच पडदे, पर्वरीला जायचे असेल तर सकाळपासून तिथेच. एकाच आवारातल्या दोन खेळांमध्येही निदान पाऊण तास मोकळा ठेवावा, कारण प्रवेशद्वारावर सुरक्षा तपासणी असते, रांग लागते आणि परिचय-सत्कारामुळे आधीचा खेळ उशिरा सुटतो.

प्रत्येक खेळासाठी ऑनलाइन आरक्षण करावे लागते. ते ठरलेल्या वेळी खुले होते आणि गाजलेल्या नावांचे खेळ काही मिनिटांत भरतात. म्हणून आदल्या रात्रीच तीन पर्याय कागदावर क्रमाने लिहून ठेवावेत आणि पहिला भरलेला दिसताच विचार न करता दुसऱ्याकडे वळावे. आरक्षण मिळाले नाही तरी निराश होऊ नये. रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांसाठी वेगळी रांग असते, तिला सगळे ‘रश लाइन’ म्हणतात. सकाळच्या पहिल्या खेळाला त्या रांगेतून प्रवेश मिळण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, रात्रीच्या खेळाला सर्वांत कमी. आपल्याला जाणे जमणार नसेल तर आरक्षण वेळेत रद्द करावे, कारण त्या खुर्चीसाठी बाहेर कुणीतरी तासभर उभे असते.

काय पाहावे हा सगळ्यांत अवघड प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: जो चित्रपट महिन्याभरात आपल्या गावच्या चित्रपटगृहात किंवा मोबाइलवर येणार आहे, त्याच्यासाठी इथली रांग लावू नये. परदेशी चित्रपटांत मोठ्या महोत्सवांत पारितोषिक मिळालेल्यांकडे सगळे धावतात. ते पाहावेतच, पण दिवसातला एक खेळ तरी ज्या देशाचा एकही चित्रपट आपण पाहिलेला नाही त्याच्यासाठी राखावा. त्याहूनही आग्रहाने सांगावेसे वाटते ते इंडियन पॅनोरमाविषयी. १९७८ पासून चालत आलेल्या या विभागात वर्षभरातील निवडक भारतीय चित्रपट असतात, कथापट आणि कथेतर असे दोन्ही. त्यातल्या अनेक भाषांचे चित्रपट महाराष्ट्रात पडद्यावर येतच नाहीत. खेळापूर्वी दिग्दर्शक, कलावंत आणि तंत्रज्ञ मंचावर येतात आणि पुष्कळदा बाहेर आवारात तासभर गप्पा मारत थांबतात. कथेतर चित्रपटांना गर्दी कमी असते, त्यामुळे तिथे प्रश्न विचारायलाही संधी मिळते. मराठी चित्रपट या महोत्सवात केवळ हजेरी लावून जात नाहीत, ही आनंदाची गोष्ट आहे. २०२४ मध्ये पदार्पणातील भारतीय दिग्दर्शकाचा पुरस्कार ‘घरत गणपती’ या मराठी चित्रपटासाठी नवज्योत बांदिवडेकर यांना मिळाला.

दिवसाला चार खेळ पाहता येतात, पण तीनच पाहावेत. चौथ्या खेळाच्या वेळी उपशीर्षके वाचणारे डोळे थकलेले असतात आणि सकाळी पाहिलेला चांगला चित्रपट मनातून पुसट होऊ लागतो. तो वेळ दिग्गजांच्या प्रकट मुलाखतीला द्यावा किंवा मिरामारच्या वाळूत बसून टिपणे लिहावीत.

प्रवासासाठी कोकण रेल्वेने करमळीला उतरणे सोयीचे, कारण पणजी तिथून साधारण बारा किलोमीटरवर आहे. थिवी त्याहून लांब आहे आणि मडगाव सर्वांत दूर पडते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्या दिवशीच तिकिटे काढावीत. खोलीचेही तसेच, कारण २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि राहण्याच्या जागांवर दुहेरी ताण येतो. समुद्रकिनाऱ्याच्या मोहाने कळंगुटकडे राहू नये. मळा, सांतिनेज किंवा कांपाल भागात साधी खोली मिळाली तर सगळे पायी होते, आणि घाई असली तर ‘पायलट’ म्हणजे मोटारसायकलवाला दहा मिनिटांत पोहोचवतो. पलीकडे बेती भागात स्वस्त खोली मिळाली तरी अडचण नाही, कारण पणजी–बेती फेरीबोटीला पायी प्रवाशांकडून पैसे घेत नाहीत.

नोव्हेंबर जमत नसेल, तर पावसाळ्यात विन्सन वर्ल्ड या संस्थेचा गोवा मराठी चित्रपट महोत्सव याच आयनॉक्स आणि माकिनेझ पॅलेसमध्ये भरत आला आहे. तो दोन-तीन दिवसांत आटोपतो, गर्दी बेताची असते आणि कलावंत सहज भेटतात. ज्यांना इफ्फीची धास्ती वाटते, त्यांनी आधी तिथे यावे. आवार तेच, पायऱ्या त्याच. नोव्हेंबरात परत याल तेव्हा कोणत्या दाराने आत शिरायचे, हे कुणाला विचारावे लागणार नाही.