पतंगपटूंची क्रमवारी: गुणतक्ता कसा बांधावा

शंकरपटाच्या निकालावर फारसे भांडण होत नाही, कारण बैलजोडी किती सेकंदांत धावली हे घड्याळ सांगते आणि घड्याळाला कोणाचे गाव ठाऊक नसते. संक्रांतीच्या पेचातही पतंग कटली की ‘ओ पार’ची आरोळी उठते आणि निकाल सगळ्या गावाला एकदमच कळतो. दोन दोऱ्यांनी चालवायच्या खेळाच्या पतंगीचे मात्र तसे नाही. तिथे कोणी कोणाची पतंग कापत नाही. उडवणारा दोन्ही हातांतल्या दोऱ्या आळीपाळीने ओढून पतंगीला आकाशात चौकोन, वर्तुळ, जिना अशा ठरवून दिलेल्या आकृत्या काढायला लावतो, दुसऱ्या फेरीत गाण्याच्या तालावर तिला नाचवतो, आणि पंच डोळ्यांनी पाहून गुण देतात. असे पाच-सहा गावांचे निकाल एकत्र करून वर्षाची एक क्रमवारी लावायची म्हटली, की खरी अडचण सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावांसाठी असा तक्ता करताना जे चुकले आणि जे जमले, त्यावरून पुढील पद्धत लिहिली आहे.

कागदावर पहिला आकडा मांडण्याआधी क्रमवारीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘यंदा सर्वांत चांगली पतंग कोणी उडवली’ आणि ‘यंदा सर्वांत जास्त स्पर्धांना कोण आले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि साधी बेरीज करणारा तक्ता पहिल्याचे नाव सांगून दुसऱ्याचे उत्तर देतो. माझा पहिला तक्ता नेमका असाच होता. पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 6, पुढे 5, 4, 3, 2, 1 असे गुण द्यायचे आणि वर्षभराचे सगळे मिळवायचे, एवढेच त्यात होते. सहा स्पर्धा झाल्या. एक मुलगा तीनच ठिकाणी आला आणि तिन्ही जिंकला. त्याचे 30 गुण झाले. दुसरा सहाही ठिकाणी आला, प्रत्येक ठिकाणी तिसरा राहिला आणि 36 गुणांनी पहिला ठरला. तीन स्पर्धा चुकवणारा मुलगा आळशी नव्हता; जानेवारीत त्याच्या घरी कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि एका गावाला जाणारी एसटी सकाळी एकदाच होती. दुसऱ्याच्या घरी मोटारसायकल होती. म्हणजे आम्ही पतंगबाजीची क्रमवारी म्हणून वाहनांची क्रमवारी लावली होती, आणि ती फळ्यावर लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आली.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येकाचे सर्वोत्तम ठरावीक निकालच धरणे. सहा स्पर्धांपैकी उत्तम तीन धरले, तर वरच्या उदाहरणात पहिल्याचे 30 राहतात आणि दुसऱ्याचे 18 होतात. किती निकाल धरायचे हे ठरवताना सर्वांत लांबच्या गावातल्या, सर्वांत अडचणीच्या घरातल्या मुलाला किती स्पर्धांना येणे शक्य आहे, ते आधी विचारावे. आमच्याकडे त्याचे उत्तर तीन आले. या उपायालाही दुसरी बाजू आहे, हे मात्र सर्वांना आधी सांगून ठेवावे. फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींत 1988 साली सोळा शर्यतींपैकी उत्तम अकराच धरत असत. त्या वर्षी अलेन प्रोस्टचे एकूण गुण 105 आणि आयर्टन सेनाचे 94 होते, परंतु धरलेल्या शर्यतींचे गुण प्रोस्टचे 87 आणि सेनाचे 90 भरले, आणि विजेता सेना ठरला. तो नियम हंगामाआधीच ठरलेला असल्यामुळे निकाल टिकला, तरी 1991 पासून तो नियमच काढून टाकण्यात आला. तिथे बहुतेक सगळेच चालक सगळ्या शर्यतींना येतात, त्यामुळे त्यांना त्याची गरज उरली नाही; आपल्याकडे ती आहे.

दुसरा प्रश्न स्पर्धेच्या आकाराचा आहे. चौघांत पहिला येणे आणि सोळांत पहिला येणे यांना सारखेच 10 गुण दिले, तर हुशार मुले लहान स्पर्धा शोधत फिरतात. याउलट मागे टाकलेल्या प्रत्येक स्पर्धकामागे एक गुण दिला, तर सोळांत चौथ्या आलेल्याला 12 गुण मिळतात आणि चौघांत जिंकणाऱ्याला अवघे 3, हेही बरोबर वाटत नाही. आम्ही मधला मार्ग काढला. क्रमांकाचे गुण वर सांगितल्याप्रमाणे ठेवले आणि मागे टाकलेल्या प्रत्येकामागे अर्धा गुण जोडला, पण हा जोड 5 गुणांच्या वर जाऊ दिला नाही. आता चौघांतल्या विजेत्याचे साडेअकरा होतात, सोळांतल्या विजेत्याचे 15 होतात, आणि सोळांतल्या चौथ्याचे 10 होतात. या हिशेबात एक चोरवाट आहे आणि ती पहिल्याच वर्षी सापडली: यजमान गावाने ज्यांनी कधी दोरी हातात धरली नव्हती अशा लहान पोरांची नावे यादीत भरली, म्हणजे त्यांच्या पटूंना मागे टाकायला माणसे मिळाली. म्हणून ज्याने ठरलेल्या आकृत्यांपैकी किमान एक पूर्ण केली असेल, त्यालाच स्पर्धक म्हणून मोजावे.

पंचांच्या गुणांबाबत सर्वांत जास्त काळजी घ्यावी. एक पंच सगळ्यांना 60 ते 70 च्या दरम्यान ठेवतो, दुसरा 40 पासून 90 पर्यंत मोकळा हात सोडतो, आणि अशांची बेरीज केली की मोकळ्या हाताचा पंच एकटाच निकाल ठरवतो. समजा तीन पंचांनी एका मुलीला 72, 71 आणि 60 दिले, आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याला 70, 69 आणि 80. बेरीज 203 आणि 219 होते, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या मते सरस असलेली मुलगी हरते. पंच तीनच असतील, तर प्रत्येकाच्या गुणांवरून आधी क्रमांक काढावा आणि क्रमांकांची बेरीज करावी; इथे मुलीचे 1, 1, 2 मिळून 4 होतात, दुसऱ्याचे 5, आणि कमी बेरीज असलेली जिंकते. पाच पंच मिळत असतील, तर स्की उडीच्या स्पर्धेत करतात तसे सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे गुण गाळून मधले तीन धरणे अधिक चांगले, कारण त्यात दोघांमधले अंतरही टिकून राहते आणि एखाद्या मामाने भाच्याला दिलेले सढळ गुण आपोआप गळतात. खेड्यात नात्याबाहेरचा पंच मिळणे अवघड असते, हे गृहीत धरूनच नियम करावेत.

वाऱ्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेत येतो आणि तक्त्यात त्याचे पूर्ण उत्तर नाही. आमच्याकडे जानेवारीत सकाळी नऊला वारा जवळजवळ मेलेला असतो आणि अकराच्या सुमारास ऊन तापल्यावर हलका उठतो. सकाळच्या पटूचा चौकोन पाहावा: पहिले दोन कोपरे काटकोनी निघतात, तिसऱ्या कोपऱ्यावर दोऱ्या सैल पडतात, कोपरा गोल होतो, आणि जमिनीला समांतर यायला हवी ती खालची बाजू तिरकी होऊन पतंग शेजारच्या तुरीत जाऊन बसते. त्यात कसब कमी होते की वारा, हे पंच सांगू शकत नाही. म्हणून उडवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, दुसऱ्या फेरीत तोच क्रम उलटा करावा, आणि बांबूला बांधलेली हलकी फीत खाली पडलेली असेल तर पटूला एकदा थांबण्याचा हक्क द्यावा. दोराही सर्वांना सारखाच असावा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन व इतर कृत्रिम, न कुजणाऱ्या मांजावर बंदी घातली, तेव्हापासून आम्ही जाड पिळाचा सुती दोराच वापरतो. तो ताणला जातो आणि पतंग क्षणभर उशिरा वळते, पण ती सर्वांचीच उशिरा वळते.

बुद्धिबळात डावांच्या निकालांवरून खेळाडूंचे मानांकन ठरवणारी एलो पद्धत का वापरत नाही, असे मला वारंवार विचारले जाते, आणि 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर जास्तच. त्या पद्धतीत मानांकनात 200 गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूकडून शंभर डावांत सुमारे 76 गुणांची (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) अपेक्षा असते, आणि निकाल अपेक्षेहून जितका वेगळा लागतो त्या प्रमाणात मानांकन वरखाली होते. ती स्थिरावण्यासाठी डझनावारी लढती लागतात. संक्रांतीच्या पेचात समोरासमोरच्या लढती भरपूर होतात, तिथे ती शोभेल; वर्षाला तीन निकाल देणाऱ्या पटूसाठी ती उपयोगाची नाही.

बरोबरी झाल्यास आधी आपापसातले निकाल पाहावेत, मग सर्वांत चांगला एक निकाल, आणि तरीही बरोबरी राहिली तर दोघांना एकच क्रमांक द्यावा. नाणेफेक करू नये.

तक्ता तयार झाला की तो जाहीर करण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या वहीतले निकाल त्यात घालून पाहावेत. नावे झाकून फक्त क्रमांक ठेवावेत आणि वेगवेगळ्या गावांतल्या दोन जुन्या पटूंना हा क्रम योग्य वाटतो का, ते विचारावे. त्यांनी हरकत घेतली तर नावे उघडण्याआधीच नियम बदलावा, कारण नावे उघडल्यावर केलेला प्रत्येक बदल कोणाच्या तरी बाजूचा मानला जातो. त्यानंतर तक्त्याच्या प्रती पहिल्या स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावाव्यात, आणि हंगाम संपेपर्यंत त्यातला एकही आकडा हलवू नये.