जुन्या टायटॅनियम फ्रेमची कुरकुर अशी थांबली

सायकलची जुनी टायटॅनियम फ्रेम हाती आली की आधी मापं घ्या, सुटे भाग नंतर. माझ्या फ्रेममध्ये मागच्या चाकाची जागा 130 मिमी भरली, म्हणजे रिम ब्रेकचं (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकचं) रोड चाक सहज मिळणार. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो तो फ्रेमच्या तळाचा भाग, इंग्लिश मापाच्या आट्यांचा, 68 मिमी रुंद. त्यात चेनकडचा कप (बेअरिंग धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचा.

सायकल उभी राहिली, पण पेडलवर जोर दिला की कुरकुर. कप काढले, आट्यांतला काळा चिखल ब्रशने खरवडून लख्ख केला, अँटी-सीझ पेस्ट सढळ हाताने लावली आणि टॉर्क रेंचने (मोजून जोर देणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळले. आवाज बंद! टायटॅनियमचे आटे कोरडे आवळले तर धरून बसतात, म्हणून ही पेस्ट हवीच. ॲल्युमिनियमच्या सीटपोस्टलाही (सीटच्या दांड्यालाही) तीच लावली, नाहीतर तो आत घट्ट चिकटू शकतो.