गंभीर आजार टाळण्यासाठी व्यायाम किती, कसा आणि ताटात काय

हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह हे आजार अचानक आल्यासारखे वाटतात, पण शरीरात त्यांची तयारी दहा-वीस वर्षं चाललेली असते. धमन्यांच्या आतल्या थरात कोलेस्टेरॉल साठत जातं, स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, रक्तदाब थोडाथोडा चढत जातो. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. या काळात हस्तक्षेप केला तर फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका गटाला आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. सरासरी २.८ वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी होतं.

आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. आकडा मोठा नाही, अवघड आहे ते सातत्य. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतो आणि व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस तो इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. मग हा परिणाम ओसरतो. म्हणून साखरेचा धोका असणाऱ्याने दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नये. ज्यांना खरोखर सुट्टीच्या दिवशीच वेळ मिळतो त्यांनी त्या दिवशी जरूर व्यायाम करावा, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण निवड हातात असेल तर थोडा आणि वारंवार हाच क्रम ठेवा.

आधी चार मोजमापं

सुरुवातीलाच कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल लिहून ठेवा. घेर मोजताना टेप सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. उंची १६० सेंटीमीटर असेल तर ८० च्या आत. वजनकाट्यापेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे, कारण पोटातल्या अवयवांभोवती साचलेली चरबी त्यात दिसते.

रक्तदाब घरी मोजण्यात चुका फार होतात. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर न टाकता पाच मिनिटं शांत बसा. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीत टेकवलेला हवा, पट्टा दंडाला बसणाऱ्या मापाचा हवा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा, मोजताना बोलू नका.

चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, चक्कर येत असेल, पूर्वी हृदयाचा त्रास झाला असेल, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर किंवा मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दमवणारा व्यायाम सुरू करू नका. बाकीच्यांनी सावकाश चालायला लगेच सुरुवात करायला हरकत नाही.

चालणं: पहिले आठ आठवडे

पहिले दोन आठवडे दोन मुख्य जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. जेवणानंतरच का? कारण रक्तातली साखर तेव्हाच चढत असते आणि चालणारे पाय ती वापरून टाकतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही फेरी पंधरा मिनिटांची करा. पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातले पाच दिवस, न थांबता तीस मिनिटांची एक फेरी घ्या. जेवणानंतरची छोटी फेरी जमेल तेवढी चालू ठेवा. सातव्या-आठव्या आठवड्यात त्या तीस मिनिटांत एक मिनिट भरभर आणि दोन मिनिटं नेहमीच्या वेगाने असे सहा फेरे घाला. आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं सावकाश चालायचंच. भरभर चालून एकदम थांबलं तर रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि घेरी येते.

वेग योग्य आहे की नाही हे बोलून ओळखा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन-चार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जोरकस, आणि तशी ७५ मिनिटं मध्यम वेगाच्या १५० मिनिटांच्या बरोबरीची. गाणं सहज म्हणता येत असेल तर वेग वाढवा. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांपेक्षा आम्ही ही कसोटी जास्त विश्वासाची मानतो, कारण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली औषधं घेणाऱ्यांचे ठोके श्रम होऊनही फारसे वाढत नाहीत.

सगळ्यात जास्त लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. तोवर दम कमी लागायला लागलेला असतो, उत्साहात वेळ एकदम दुप्पट होतो आणि नडगी, टाच किंवा गुडघा धरतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, स्नायूबंध आणि हाडं मात्र काही महिने घेतात. म्हणून वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका, आधी वेळ, मग वेग. हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि चालताना ते वाढत असेल तर चालणं थांबवून तपासून घ्या. मांड्या-पोटऱ्यांत दोन दिवस राहणारा जडपणा हा निराळा, तो आपोआप जातो.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि तीच मोठी चूक. रक्तातली साखर सर्वात जास्त प्रमाणात स्नायूंमध्ये जाते, आणि तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात. साखर साठवायची जागाच आक्रसते. चालण्याने ही घट पुरेशी थांबत नाही.

साधनं लागत नाहीत. पहिला प्रकार खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. दुसरा भिंतीला तळवे टेकून जोर काढणं, जमू लागलं की टेबलाच्या काठावर आणि मग जमिनीवर. तिसरा उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. चौथा रबरी पट्टा किंवा पाण्याची भरलेली बाटली कोपर मागे नेत ओढणं. पाचवा टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढाच. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. सलग दोन सत्रांत बारा वेळा सहज झाल्या की प्रकार थोडा अवघड करा. त्याच स्नायूंना पुढच्या सत्राआधी ४८ तास विश्रांती द्या, ते याच वेळात सुधारतात.

जोर लावताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात फार वर जातो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वय ६५ च्या पुढे असेल तर आठवड्यातून तीन दिवस तोलाचाही सराव हवा: खुर्चीची पाठ जवळ ठेवून एका पायावर दहा सेकंद, मग टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं.

ताट

अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट अख्खं धान्य, उरलेल्या पावात प्रथिनं: कडधान्यं, डाळी, मासे, अंडी. पिष्टमय कंद या हिशेबात भाजी नाहीत, ते धान्याच्या वाट्यात मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळांची आहे, म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८० ग्रॅम चिरलेली भाजी तोलून पाहा, मग अंदाज कायमचा येतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या आहार आणि रक्तदाबावरच्या चाचणीत भाज्या, फळं आणि कमी चरबीचे दुग्धजन्य पदार्थ भरपूर ठेवले होते, वजन आणि मीठ मात्र बदललं नव्हतं. तरी उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, सपाट छोट्या चमच्यापेक्षा थोडं कमीच. दिवसाचं मीठ मोजत बसणं कोणालाच जमत नाही, म्हणून महिन्याचा हिशेब करा. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला फार तर ६०० ग्रॅम, आणि तेही लोणची, सॉस, पाकीटबंद पदार्थ यांतलं मीठ धरून. वापर जास्त असेल तर दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. काही आठवड्यांत जीभ सरावते. एकदम निम्मं केलं तर जेवण बेचव लागतं आणि घरातले सगळे मिळून बेत मोडतात. पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचं मीठ चांगला पर्याय आहे, पण मूत्रपिंडांचा आजार असणाऱ्यांनी किंवा शरीरात पोटॅशियम साठवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते.

वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं मिळून, २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५. गोड शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे तेवढ्याने हिशेब संपला. एकच सवय बदलायची असेल तर गोड पेयं सोडा, कारण द्रवातल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव होत नाही. अख्खं फळ या हिशेबात धरायचं नाही.

तंतुमय घटक दिवसाला किमान २५ ग्रॅम लागतात. शिजवलेल्या २०० ग्रॅम अख्ख्या मसुरातून त्यातले साधारण १५ ग्रॅम मिळतात. विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना (चरबी पचवणाऱ्या, पित्तातल्या आम्लांना) धरून बाहेर नेतात, नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं आणि एलडीएल, म्हणजे धमन्यांत साठणारं वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. मात्र हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा, नाहीतर पोट फुगतं.

तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजा. १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, तेल कोणतंही असो. अर्धा तास चालून जेमतेम तेवढ्याच खर्च होतात. म्हणूनच नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही. त्याला आहाराची जोड लागते, आणि आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे. वजन हललं नाही तरी चालण्याचा साखरेवर आणि रक्तदाबावर होणारा फायदा मिळतोच. त्यामुळे काटा पाहून चालणं सोडू नका. घट्ट, संपृक्त चरबीच्या जागी वनस्पती तेलं आणि सुकामेवा आणा. रोज ३० ग्रॅम बिनमिठाचा सुकामेवा चांगला, पण दुसरं काहीतरी काढून त्याच्या जागी. वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनित’ दिसलं तर ती वस्तू परत ठेवा, तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. प्रक्रिया केलेलं मांस आतड्याच्या कर्करोगाचं कारण असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केलं आहे, ते रोजच्या जेवणात नको.

वेष्टन वाचताना आकडे १०० ग्रॅमचे पाहा, ‘एका वाट्याचे’ नाही. वाटा किती मोठा हे उत्पादकच ठरवतो. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅममध्ये १.५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ किंवा २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर ते प्रमाण जास्त आहे.

तंबाखूचं आणि दारूचं नुकसान व्यायाम भरून काढत नाही. दोन्हींमुळे कर्करोग होतो.

औषधं चालू असतील तर

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात आणि नंतर काही तासांनीही घसरू शकते. व्यायामाआधी मोजा, खिशात ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, गोंधळ जाणवला आणि साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करू नयेत आणि एकदम वाढवूही नयेत, प्रमाण सारखं ठेवावं. वजन आणि रक्तदाब उतरू लागले की डोस बदलावा लागतो. तो बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या.

व्यायाम करताना छातीत दाब, जबडा किंवा हातात पसरणारी कळ, थंड घाम, अवाजवी धाप यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. काही मिनिटांत थांबलं नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

तीन महिन्यांनी चारही मोजमापं पुन्हा घ्या. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्याआधी करून उपयोग नाही. मधे ताप आला तर अंगात ताप असेपर्यंत व्यायाम पूर्ण बंद ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा मोठा खंड पडला तर जिथे सोडलं तिथून नव्हे, निम्म्या वेळेने आणि सावकाश वेगाने सुरू करा आणि दोन ते तीन आठवड्यांत पूर्वीच्या पातळीवर या.