सडलेल्या सायलेन्सरचं शेपूट कापताना

गेल्या दिवाळीत आमच्या २००६ सालच्या स्प्लेंडरची फटफट वाढली. मागे वाकून बघितलं, सायलेन्सरचं शेपूट कुजलेलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर बिस्किटात जावा तसा आत गेला. पुढचा पत्रा मात्र टणटणीत. अख्खा सायलेन्सर भंगारात घालायचा जिवावर आलं. आयटीआयला वेल्डिंग शिकलोय, घरात दोनशे अँपिअरचं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, म्हणून सडका भाग कापून सायलेन्सर दोन इंच आखूड करायचं ठरवलं.

भाचा लगेच खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर. “मामा, आजून थोडां काप मा, आवाज येतलो!” आवाज यावा म्हणून कापायचं असेल तर हे वाचून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्यात गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार चालत नाही, आणि आवाजाचा नियम मोडला तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय स्प्लेंडरचा आवाज वाढला म्हणून ती बुलेट होत नाही. इंजिनातून येणारा प्रत्येक धक्का एका खणातून दुसऱ्या खणात फिरून दमतो, ते खण म्हणजेच सायलेन्सर. खण कापले तर धक्का न दमता बाहेर येतो, एवढंच. माझं काम दुरुस्तीचं होतं: आवाज मूळचा होता तेवढाच ठेवायचा, लांबी गेली तर गेली. बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाची) गाडी असेल तर हा उद्योग करूच नका. तिच्या एक्झॉस्टमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, सेन्सर असतो. सरळ नवा सायलेन्सर घ्या.

सायलेन्सर थंड असतानाच उतरवायचा. इंजिनाच्या हेडजवळचे (डोक्याजवळचे) दोन नट गंजून बसलेले असतात. रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि सकाळी पाना थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवा. जोर लावलात तर स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो, आणि मग दोन इंचांच्या कामासाठी हेड घेऊन लेथवाल्याकडे जावं लागतं.

आता खरं काम: कुठे कापायचं. बाहेरून काही दिसत नाही. मी मोडक्या छत्रीची काडी घेतली, टोक अर्धा सेंटिमीटर वाकवलं आणि शेपटाच्या नळीतून आत सारली. मागे ओढताना आकडा नळीच्या आतल्या तोंडाला अडकला. तिथे काडीवर खूण केली: साडेपाच इंच. मग पान्याने पत्र्यावर मागून पुढे टकटक केलं. पोकळ आवाज येत येत पाच इंचांवर एकदम बसका झाला, म्हणजे तिथे आतला पडदा. शेवटचा खण पाच इंचांचा आणि सड दीड इंचाची. दोन इंच कापले तरी तीन इंचांचा खण शिल्लक राहतो आणि पडद्याला धक्का लागत नाही. सड पडद्यापर्यंत पोचली असेल तर थांबा, तो सायलेन्सर संपला.

खूण करायला जुनी लग्नपत्रिका घ्या. तिची सरळ पट्टी सायलेन्सरभोवती गुंडाळून कड कडेला जुळवली की रेघ गोल आणि सरळ येते. नुसत्या नजरेने मारलेली रेघ फिरून परत जागेवर येत नाही.

ग्राइंडरला एक मिलीमीटरचं कटिंग व्हील, गार्ड लावलेलं, आणि डोळ्यांना चष्मा. पत्रा जेमतेम कापला जाईल एवढंच व्हील टेकवत गोल फिरायचं, कारण आतली नळी कापायची नाही. मग नळी शेपटाच्या झाकणाला जिथे जोडलीय तो टाका घासून काढा आणि झाकण पत्र्यासकट हलवत मागे ओढा. माझं निघालं तेव्हा मूठभर लाल गंज खाली पडला. खळ्यात नारळाची सोडणं किंवा सुकी पातेरी (पालापाचोळा) असेल तर आधी झाडून घ्या. ठिणगी लांब जाते.

नवीन झाकणाला सव्वा मिलीमीटरचा साधा काळा पत्रा घ्या. छपराचा उरलेला जीआय पत्रा वापरायचा मोह होईल, तो टाळा. त्यावरचं जस्त जळून धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. सायलेन्सरवर क्रोम असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर घासून काढा, तेही मास्क लावून. क्रोमची धूळ आणि धूर दोन्ही वाईट. झाकणाला मध्ये नळीच्या मापाचं भोक पाडा, कानशीने घट्ट बसेल इतकंच मोठं करा. नळी बाहेर जास्त येते तेवढी नंतर छाटायची.

पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की भोक पडलंच म्हणून समजा. मी दोन मिलीमीटरचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड आणि पंचेचाळीस अँपिअर ठेवला. आधी समोरासमोर चार टाके, मग त्यांच्या मधे, मग परत मधे, आणि प्रत्येक टाका लाल रंग जाईपर्यंत थांबून. सगळा जोड व्हायला पाऊण तास गेला, त्यात एक चहा. तरी एका जागी भोक पडलंच, ते थांबत थांबत टाके मारून भरलं. नळीभोवतीचा जोड शेवटी.

आता माझी जुनी चूक. सायलेन्सरच्या पोटाला मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. चार वर्षांपूर्वी मला वाटलं सडलंय, आणि मी ते वेल्डिंगने बुजवलं. ते पाणी निघायचं भोक होतं. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. लांबच्या फेरीत ते बाहेर उडून जातं, पण घर ते बाजार अशा दोन किलोमीटरमध्ये सायलेन्सर तापतच नाही आणि पाणी आत साचतं. म्हणजे सायलेन्सर आतून सडतो, आणि आम्ही दोष खाऱ्या वाऱ्याला देतो. या वेळी कापलेल्या भागाबरोबर ते बुजवलेलं भोकही गेलं, म्हणून नव्या टोकाजवळ, सगळ्यात खालच्या जागी तीन मिलीमीटरचं भोक पाडलं.

बसवताना हेडजवळचं गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) नवंच घाला. दोन्ही नट आधी हाताने, मग मागचा बोल्ट, आणि शेवटी तिन्ही थोडे थोडे आवळा. गाडी सुरू करून गार असतानाच शेपटावर ओल्या फडक्याची घडी क्षणभर धरा. जोडातून फुस्स आवाज आला तर तिथे खडूने खूण करा, गाडी बंद करून परत एक टाका मारा. उष्णता सोसणारा काळा रंग लावल्यावर पहिल्या फेरीत धूर येतो, घाबरू नका.

फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपने एकाच जागेवरून, एकाच अंतरावर आधी आणि नंतर मोजलं होतं. सडका असताना ८८ डेसिबल, आता ८१. हे आकडे फक्त आपसात ताडून बघायला. भाचा तोंड पाडून घरी गेला. पन्नास किलोमीटर चालवून हेडचे नट पुन्हा बघितले, डावा पाव फेरा सैल झाला होता.