टेबलचे कॉलम आखताना बाइटचा हिशोब: या चुका टाळा

केळी खरेदीच्या नोंदींचं टेबल उघडलं की बरेचदा एकच चित्र दिसतं. शेतकऱ्याचं नाव व्हारचार (कमी-जास्त लांबीच्या मजकुराचा कॉलम) 255, गाव व्हारचार 255, पावती क्रमांक व्हारचार 255, गाडी क्रमांकही 255. कुणी म्हणतं, प्रत्येक ओळीत 255 बाइट अडकले. कुणी म्हणतं, काहीच फरक पडत नाही. दोन्ही चूक. कंसातला आकडा ही मर्यादा असते. डिस्कवर किती बाइट जातात हे मजकूर, लिपी आणि डेटाबेस या तिघांवर ठरतं.

मराठी अक्षर एका बाइटचं धरणं

आपल्याकडे बराच डेटा याच चुकीमुळे बिघडतो. 'मुक्ताईनगर' हे नाव डोळ्यांना सहा अक्षरांचं दिसतं. डेटाबेस मात्र काना, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त वेगवेगळे मोजतो: म, उकार, क, हलन्त, त, काना, ई, न, ग, र. झाले 10. यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत साठवण्याची रूढ पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे एकूण 30 बाइट. तेच नाव रोमन लिपीत 11 बाइटांत बसतं.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांत व्हारचारचा आकडा चिन्हांचा असतो, त्यामुळे व्हारचार 10 मध्ये हे नाव नेमकं मावतं. तालुक्यासाठी 'आठ पुरे' म्हणून 8 दिले, तर पोस्टग्रेस नोंद नाकारतो. मायएसक्यूएलही स्ट्रिक्ट मोडमध्ये (न बसणारा डेटा नाकारण्याची सेटिंग) नाकारतो, पण तो मोड बंद असेल तर फक्त इशारा देतो आणि 'मुक्ताईन' साठवून मोकळा होतो. पुढे तालुकावार बेरीज जुळत नाही आणि कारण सापडायला दिवस जातात. स्ट्रिक्ट मोड कधीही बंद ठेवू नका.

ओरॅकलमध्ये व्हारचार2 चा आकडा मुळात बाइटचा धरला जातो. यूटीएफ-8 चा डेटाबेस असेल तर व्हारचार2 20 मध्ये जेमतेम 6 देवनागरी चिन्हं बसतात, 'चाळीसगाव' (8 चिन्हं, 24 बाइट) सुद्धा नाही. उपाय सोपा आहे: कॉलम बनवताना आकड्यानंतर 'चार' (कॅरेक्टर, म्हणजे चिन्ह) हा शब्द स्पष्ट लिहा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारचारऐवजी एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) घ्या आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी एन लावा. तो राहिला की नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. ती नंतर दुरुस्त होत नाहीत, कारण मूळ मजकूर टेबलात पोचलेलाच नसतो. नावं पुन्हा टाइप करावी लागतात.

255 खरोखर कुठे नडतं

मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत व्हारचार असेल तेवढाच मजकूर आणि लांबीसाठी 1 किंवा 2 बाइट घेतो. कॉलमची कमाल लांबी 255 बाइटपर्यंत असेल तर 1, त्यापुढे 2. यूटीएफ-8 एमबी 4 मध्ये (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8) प्रत्येक चिन्ह कमाल 4 बाइट धरलं जातं, म्हणून व्हारचार 63 (252 बाइट) ला 1 बाइट लागतो आणि 64 ला 2. परिणामी 50 चं 60 करणं क्षणात होतं, पण 63 चं 100 करताना अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं. हंगामात भरदुपारी हा बदल केला तर वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागेल.

दुसरी मर्यादा ओळीची. सगळ्या कॉलमांची जाहीर लांबी मिळून 65,535 बाइटच्या आत हवी. व्हारचार 1000 चे 16 कॉलम बसतात (64,032 बाइट), सतरावा घातला की टेबलच बनत नाही, मग आत मजकूर असो वा नसो. लांब शेरे टेक्स्ट प्रकारच्या कॉलमात ठेवा, ते या बेरजेत जवळजवळ धरले जात नाहीत. शिवाय मायएसक्यूएल 5.7 पर्यंत मेमरीतल्या तात्पुरत्या टेबलात व्हारचार पूर्ण लांबीचा होतो. तिथे रिकामं 255 सुद्धा 1,020 बाइट खातं.

आकडा अंदाजाने टाकू नका. जुन्या डेटातली सर्वांत लांब नोंद 'चार लेंग्थ' या चिन्हं मोजणाऱ्या फंक्शनने मोजा, वर थोडी मोकळीक ठेवा.

आकड्यांचे कॉलम

मायएसक्यूएलमध्ये पूर्णांकाचे इंट 11 आणि इंट 3 दोन्ही 4 बाइटच घेतात. कंसातला आकडा फक्त दाखवण्यापुरता. जागा वाचवायची तर प्रकारच बदलावा लागतो: टायनीइंट 1 बाइट, स्मॉलइंट 2, बिगइंट 8. आपला मोबाइल नंबर 6 ते 9 ने सुरू होणारा दहा आकडी असतो, तो इंटमध्ये मावत नाही. तो व्हारचारमध्येच ठेवा. त्याची बेरीज कुणी करत नाही.

पैसे फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) तर अजिबात नको. 12,34,567.89 रुपये 4 बाइटच्या फ्लोटमध्ये 12,34,567.875 होऊन बसतात. मायएसक्यूएलमध्ये डेसिमल 10,2 (एकूण 10 अंक, त्यातले 2 दशांशानंतर) हा 5 बाइट घेतो. एक बाइट जास्त देऊन शेतकऱ्याचा पैसा चोख राहतो.

पोस्टग्रेसमध्ये कॉलमचा क्रम

पोस्टग्रेस 8 बाइटचा कॉलम 8 ने भाग जाणाऱ्या जागीच सुरू करतो आणि मधली जागा रिकामी सोडतो. समजा क्रम असा आहे: पावती रद्द का (बूलियन, म्हणजे हो/नाही), शेतकरी क्रमांक (बिगइंट), घडांची संख्या (स्मॉलइंट), पावती क्रमांक (बिगइंट), वजन किलोत (इंट), नोंदीची वेळ (टाइमस्टॅम्प). यातला खरा डेटा 31 बाइट, खर्च 48. आता मोठे आधी लावा: दोन बिगइंट, टाइमस्टॅम्प, इंट, स्मॉलइंट, शेवटी बूलियन. खर्च 32. एक कोटी ओळींत सुमारे 16 कोटी बाइट वाचतात. पण हे नवं टेबल आखतानाच करा. चालू टेबलचा क्रम बदलायला ते पुन्हा बांधावं लागतं, आणि लाखभर ओळींसाठी तो खटाटोप परवडत नाही. इनोडीबी अशी रिकामी जागा सोडत नाही, तिथे या कसरतीचा उपयोग नाही.

लांबलचक प्रायमरी की

इनोडीबीमध्ये प्रत्येक दुय्यम इंडेक्सच्या (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूचीच्या) नोंदीत प्रायमरी कीची (ओळ ओळखणाऱ्या कॉलमची) प्रत असते. 36 अक्षरी यूयूआयडी (आपोआप तयार होणारा एकमेव ओळख क्रमांक) 'चार 36' या प्रकारात ठेवला आणि पाच इंडेक्स केले, तर एका ओळीत तो सहा वेळा येतो. बिगइंटच्या तुलनेत ओळीमागे निदान 168 बाइट जास्त, एक कोटी ओळींना 168 कोटी बाइट. यूयूआयडी हवाच असेल तर बायनरी 16 मध्ये ठेवा.

डिलीट केलं, तरी डिस्क रिकामी का होत नाही?

जुन्या हंगामाच्या नोंदी उडवल्या तरी फाइल तेवढीच राहते. मोकळी झालेली जागा टेबल पुढच्या नोंदींसाठी वापरतं, ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत देत नाही. पोस्टग्रेसमध्ये कॉलम काढून टाकला तरी जुन्या ओळींत त्याचे बाइट पडून राहतात, आणि प्रत्येक अपडेट ओळीची नवी प्रत लिहितो. जुन्या प्रतीची जागा सहसा व्हॅक्यूम (मेलेल्या प्रती साफ करण्याचं काम) झाल्यावर पुन्हा वापरात येते. आपोआप चालणारं ऑटोव्हॅक्यूम 'मशीन जड होतं' म्हणून बंद करणाऱ्यांचं टेबल फुगणारच.

जागा खरोखर सोडवायची तर मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमाइझ टेबल, पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूम फुल. दोन्ही नवी प्रत बांधतात, म्हणून टेबल आणि इंडेक्स मावतील इतकी जागा डिस्कवर आधी मोकळी हवी. डिस्क शंभर टक्के भरल्यावर हे करायला गेलात तर काम अर्ध्यात तुटतं. व्हॅक्यूम फुल चालू असताना त्या टेबलवर साधी वाचनाची क्वेरीही थांबते, तेव्हा ते काटा बंद झाल्यावर, रात्री आणि बॅकअप घेऊनच चालवा.